धोका जनतेचा, मालकी कोणाची?



रूढ घडणीचा मार्ग सोडून निराळ्या घडणीचा संगणक उभारण्याचे धाडस कोणी करावे, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नाही. अशा संशोधनाला वर्षानुवर्षे फळ येत नाही आणि खाजगी भांडवलाजवळ तेवढा धीर क्वचितच असतो. त्यामुळे पहिला खर्च आणि पहिला धोका बहुधा समाजाच्याच माथी येतो. फळ आले तर ते कोणाचे, हा खरा वाद आहे.

ब्रिटनचा अनुभव पाहा. 1978 साली तेथील मजूर पक्षाच्या सरकारने सार्वजनिक भांडवलातून ‘इनमॉस’ ही कंपनी काढली आणि तिच्यासाठी पाच कोटी पौंड मंजूर केले. या कंपनीने ‘ट्रान्सप्युटर’ नावाची चिप घडविली. एकाच प्रक्रियकाचा वेग वाढवीत नेण्याऐवजी अनेक लहान संगणक परस्परांना जोडावेत व त्यांनी काम वाटून घ्यावे, ही त्यामागची कल्पना. पण 1984 साली, ही चिप बाजारात रुजण्यापूर्वीच, थॅचर सरकारने आपला हिस्सा साडेनऊ कोटी पौंडांना ‘थॉर्न ईएमआय’ला विकला. 1989 साली कंपनी ‘एसजीएस-थॉमसन’च्या हाती गेली. तिजोरीत रक्कम जमा झाली हे खरे; पण त्या संशोधनाची दिशा ठरविण्याचा जनतेचा अधिकार कायमचा गेला.

या कथेशी आपलाही संबंध आहे. अमेरिकेने हवा तेवढा शक्तिमान महासंगणक देण्याचे नाकारल्यानंतर 1988 साली पुण्यात ‘सी-डॅक’ची स्थापना झाली आणि 1991 साली तेथे ‘परम 8000’ उभा राहिला. त्यात जोडलेले प्रक्रियक इनमॉसचेच होते. सार्वजनिक पैशातून तिकडे जन्मलेली कल्पना इकडे सार्वजनिक संस्थेनेच कामी आणली.

सरकारला यातले काय कळते, असा आक्षेप घेतला जातो आणि जपानचा दाखला दिला जातो. तेथील सरकारने 1982 साली हाती घेतलेल्या ‘पाचव्या पिढीच्या संगणका’ची यंत्रे बाजारात टिकली नाहीत, हे मान्य. परंतु त्या प्रकल्पातील आज्ञावली 1992 साली सर्वांना विनामूल्य खुली करण्यात आली. बाजारात हरलेल्या प्रकल्पाचे ज्ञानही समाजाकडे राहू शकते. त्यासाठी ते समाजाचे आहे, हे मात्र आधी मान्य व्हावे लागते.

आपल्या केंद्र सरकारने 2023 साली राष्ट्रीय क्वांटम मोहिमेस 2030-31 पर्यंतसाठी 6,003.65 कोटी रुपये मंजूर केले. हा खर्च अवश्य व्हावा आणि लगेच फळ दिसत नाही म्हणून मध्येच आखडला जाऊ नये. मात्र या पैशातून निघालेले ज्ञान विद्यापीठांना खुले असावे, त्यातून उभ्या राहणाऱ्या कंपन्यांत जनतेचा वाटा असावा आणि तो वाटा संसदेच्या संमतीवाचून विकता येऊ नये. या अटी आजच लिहून घ्याव्या लागतील. यश आल्यावर त्या मागू लागलो, तर ऐकणारा कोणी नसेल.