पद्मिनी, कार्बोरेटर आणि नववीचा हजेरीपट

(१९८५ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



पटांगणात उभी असलेली पांढरी फियाट कोणाची, असं सकाळपासून सगळे विचारताहेत. ती माझी. प्रीमियर पद्मिनी, मॉडेल १९८५. आपण दहावी झालो त्याच वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली. आपल्या लहानपणी नगरात फियाट दिसायची ती डॉक्टरांकडे, वकिलांकडे, नाहीतर एखाद्या ऊसवाल्या बागायतदाराकडे. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. ती राहिलेली हौस मी स्वेच्छानिवृत्तीनंतर पुरवून घेतली.

आठ दिवसांत गाडीने रंग दाखवले. सकाळी चोक ओढला की पहिल्या सेल्फला चालू. वीस-पंचवीस मिनिटं झकास चाले. इंजिन चांगलं तापलं की धक्के खायची आणि बंद. अर्धा तास थांबलं की पुन्हा चालू. इमामपूरच्या घाटात आमच्या सौभाग्यवतींनी दोनदा खाली उतरून चाकाला दगड लावला आहे.

मी निदान केलं : कार्बोरेटर. मोबाइलवर व्हिडिओ पाहून सोलेक्स उघडला. जेट साफ केले, नवीन किट टाकलं, नीडल व्हॉल्व्ह बदलला, स्क्रू फिरवले, प्लगही बदलले. सगळं एकाच रविवारी. परिणाम असा, की गाडी बंद पडायची ती पडेच, वर काळा धूर आणि पेट्रोलचा वास.

शेवटी भिंगारला गेलो. तिथे आपल्याच वर्गातल्या, मागच्या बाकावरच्या एका मित्राचं गॅरेज आहे. नाव घेतलेलं त्याला आवडणार नाही. त्याने बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "काय काय बदललंस?" मी यादी सांगितली. तो म्हणाला, "सर प्रयोगशाळेत काय सांगायचे? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, अन् लिहून ठेवायची."

सर, तुम्ही समोर बसला आहात. प्रॅक्टिकलला पूर्ण मार्क मला होते, पण वाक्य लक्षात राहिलं त्याच्या.

त्याने गाडी तापून बंद पडेपर्यंत चालवली. मग प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. पिवळी, मरतुकडी. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं तर पॉइंट जळून खड्डे पडलेले. कंडेन्सर गेला होता. तापला की काम सोडायचा, गार झाला की शहाण्यासारखा वागायचा. नवा कंडेन्सर, नवे पॉइंट, फीलर गेजने अर्ध्या मिलिमीटरच्या आतलं अंतर. मूळ दुखणं एवढंच. "आधी ठिणगी बघायची, मग पेट्रोल. कार्बोरेटर सगळ्यात शेवटी उघडायचा," तो म्हणाला.

काळा धूर ही माझी करणी. नीडल व्हॉल्व्हखाली मी पातळ वॉशर बसवला होता, त्यामुळे आत पेट्रोलची पातळी वाढली. शिवाय पंपाचा पडदा आणि नळी मऊ पडलेली. हल्लीच्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. आपल्या जिल्ह्यातले साखर कारखानेही इथेनॉल करतात. म्हणजे ज्या उसाच्या पैशावर बागायतदारांनी फियाट घेतल्या, तोच ऊस आता त्यांचं रबर खातोय!

मजुरी विचारली तर त्याने व्यवस्थित बिल केलं. मला ते बरं वाटलं. पैसे देताना म्हणालो, "मेळाव्याला ये." तो म्हणाला, "मला कुठं बोलावलंय?"

घरी येऊन यादी पाहिली. आपण ती दहावी पास झालेल्यांच्या नावांवरून केली होती. तो त्या वर्षी गणितात गेला. निकालाच्या दिवशी आपण पेढे वाटत होतो, तो सायकल घेऊन निघून गेला, आणि चाळीस वर्षांत मीसुद्धा त्याच्याकडे गेलो तो गाडी बिघडली म्हणून.

तो आज आला आहे, शेवटच्या रांगेत बसला आहे. पण अशी आणखी नावं असतील. संयोजकांना माझी एकच विनंती : पुढच्या वेळची यादी निकालावरून करू नका, नववीच्या हजेरीपटावरून करा. आणायला-पोहोचवायला माझी पद्मिनी आहे. आता घाटातही बंद पडत नाही.