चाकांची कुरकुर

ॲम्बॅसडर गाडीचें उत्पादन २०१४ सालीं थांबलें. मारुती ८०० चेंही त्याच सालीं. तथापि या गाड्या अद्यापि कित्येक घरांपुढें उभ्या दिसतात, आणि त्यांची कुरकुर ऐकून मालकाचा जीव खालींवर होतो. तो मिस्त्र्याकडे जाऊन सांगतो, "चाकांतून आवाज येतो." व्याकरणदृष्ट्या हें वाक्य पूर्ण आहे; परंतु मिस्त्र्याला हवें असलेलें क्रियाविशेषणच त्यांत नाहीं. आवाज केव्हां येतो? वेग वाढविला असतां, ब्रेकवर पाय ठेवला असतां, कीं वळण घेतांना? निम्में निदान या एका 'केव्हां'मध्यें आहे.

आवाज मोठा कीं लहान, ही गोष्ट त्या मानानें गौण होय. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागील पातळ पत्रा यांच्यामध्यें एखादा खडा अडकला, म्हणजे गाडीचे तुकडे होत आहेत कीं काय असें वाटावें इतका खरखराट होतो. खडा निघाला कीं सारें शांत. उलट चाकाचें बेअरिंग झिजूं लागलें म्हणजे प्रथम केवळ घूं घूं असा मंद नाद येतो, आणि पुष्कळ गृहस्थ तो ऐकूं येऊं नये म्हणून गाडींतला रेडिओ मोठा करतात. रेडिओवर बोलणाऱ्यानें याबद्दल तक्रार करावी, हेंही नवलच!

हा नाद एंजिनाचा कीं चाकाचा, तें आधीं ठरवावें. मोकळ्या रस्त्यावर वेग तोच ठेवून गिअर बदलावा. एंजिनाच्या फेऱ्या बदलूनही नाद बदलला नाहीं, तर संशय चाकांकडे वळतो. मग रस्त्याकडे लक्ष द्यावें. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर येतांच सूर पालटला, तर दोष बहुधा टायरच्या विषम झिजेचा. सूर तोच राहिला, तर सौम्य वळणावर कान द्यावा. उजवीकडे वळतांना गाडीचा भार डाव्या चाकांवर पडतो; त्या वेळीं घुमघुम वाढली, तर डाव्या बाजूचें बेअरिंग प्रथम पाहण्यास सांगावें. मारुती ८०० सारखी गाडी पुढील चाकांनीं ओढली जाते. तिचें स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालवितांना कट् कट् असा आवाज आला, तर तो बहुधा ॲक्सलच्या बाहेरील सांध्याचा. ॲम्बॅसडरला मागील चाकें ढकलतात. तिच्यांत हा सांधाच नाहीं.

आतां ब्रेक. पावसाळ्यांत रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळीं पहिल्या दोनचार वेळां ब्रेक दाबतांना खरखरते. डिस्कवर चढलेला तो गंजाचा पातळ थर. घासून जातो, घाबरूं नये. चीं चीं असा तीक्ष्ण आवाज मात्र रोज येऊं लागला, तर पॅडची जाडी पाहावी. कांहीं पॅडांना पत्र्याची लहान जीभ मुद्दाम बसविलेली असते. पॅड झिजलें कीं ती डिस्कला घासून ओरडते. तिच्याकडे दुर्लक्ष केलें, तर पुढची पायरी म्हणजे लोखंडावर लोखंडाची खरवड. डिस्कला चर पडतात, ब्रेक कमी लागतो, आणि बोरघाटासारख्या उतारावर मुलाबाळांनीं भरलेली गाडी हवी तेथें थांबत नाहीं. अशा वेळीं "गॅरेजपर्यंत तर नेऊं" असें म्हणूं नये, मेहुण्याचें मतही विचारूं नये. गाडी ओढून न्यावी.

प्रवासानंतर एकच चाक इतरांपेक्षां फार तापलें असेल व जळका वास येत असेल, तर तेथील ब्रेक सुटत नाहीं असें समजावें. हात जवळ न्यावा, लावूं नये. ड्रममधील काळी धूळ फुंकून उडविण्याची संवय मात्र फार वाईट. जुन्या लायनिंगमध्यें ॲस्बेस्टॉस असे. त्याचे तंतु फुप्फुसांत वर्षानुवर्षें राहतात आणि कर्करोगासही कारण होतात.

चाक नुकतेंच काढून बसविलें असेल, आणि सावकाश चालतांना ठक् ठक् ऐकूं आलें, तर दुसरा विचार न करतां गाडी कडेला घेऊन नट पाहावे. ठक् ठक् आली नाहीं, तरी शंभरएक किलोमीटर झाल्यावर ते एकदां पुन्हां आवळून घ्यावे.