गाठीला एक चाल



मागे एका स्पर्धेत माझ्या एका विद्यार्थ्याच्या बुद्धिबळाच्या डावात शेवटी दोन राजे आणि त्याचे एक प्यादे एवढेच उरले. आता जिंकलोच, अशा समजुतीने त्याने प्यादे पुढे दामटले आणि डाव बरोबरीत सुटला. बाहेर येऊन तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "सर, जिंकलेला डाव गेला कुठे?"

घरी पट असेल तर मांडून पाहा. मधली एक उभी ओळ घ्या. आपल्या बाजूने मोजता तिसऱ्या घरात आपले प्यादे, पाचव्यात आपला राजा, सातव्यात प्रतिपक्षाचा राजा. दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर. अशा वेळी ज्याला राजा हलवावा लागतो, त्याला वाट सोडावी लागते. चाल आपली आहे. पण आपण प्यादे एक घर सरकवले की हलण्याची पाळी त्याच्यावर आली! तो उजवीकडे गेला तर आपला राजा डावीकडून सहाव्या रांगेत शिरतो, डावीकडे गेला तर उजवीकडून. मागे हटला तर सरळ पुढे. राजा तिथे पोचला, की तो प्याद्याची वाट मोकळी करतो आणि त्याचा वजीर करून घेतो.

माझ्या विद्यार्थ्याचे प्यादे आधीच चौथ्या घरात गेले होते. नेमकी हवी तेव्हा राखीव चाल उरली नाही. अखेर प्रतिपक्षाच्या राजाला शहही नाही आणि हलायला घरही नाही, अशी स्थिती आली. नियमाने ती बरोबरीच.

कडेच्या प्याद्याला मात्र हा हिशेब लागू नाही. प्रतिपक्षाचा राजा पुढच्या कोपऱ्यात जाऊन बसला, तर डाव बरोबरीतच सुटतो.

क्यूबाचे कापाब्लांका १९२१ ते १९२७ या काळात जगज्जेते होते. त्यांनी १९२१ च्या आपल्या पुस्तकात आरंभालाच सोप्या अखेरी घेतल्या आहेत. शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी तसेच करावे. सुरुवातीच्या चाली पाठ करून घेण्याआधी तीनच सोंगट्या मांडून मुलांना खेळू द्यावे. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

माझा विद्यार्थी आता तसाच शिकवतो. आधी राजा, मागून प्यादे, आणि एक चाल गाठीला.