हद्द कोणाची? न्यायालयाच्या अधिकाराचा अर्थ आणि त्याची मर्यादा

(पाचगणी येथील बौद्ध बांधवांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



वकिलीच्या व्यवसायात एक वाक्य मी वारंवार ऐकत आलो आहे. अन्यायाने पोळलेला मनुष्य पोलीस ठाण्याची पायरी चढतो आणि त्यास उत्तर मिळते, ‘हे आमच्या हद्दीत येत नाही.’ तो मुकाट्याने परततो. म्हणून या हद्द शब्दाचा विचार आज आपण करावयाचा आहे. ज्यास हद्द कळत नाही, त्याचा हक्क कोणीही हद्दीबाहेर टाकू शकतो.

अधिकारक्षेत्र म्हणजे एखादा वाद ऐकून त्यावर बंधनकारक निर्णय देण्याची कायद्याने दिलेली शक्ती. तिला मुख्यत्वे तीन मर्यादा असतात : स्थळाची, विषयाची आणि रकमेची. येथून महाबळेश्वर ओलांडून आंबेनळी घाट उतरला की पोलादपूर व पुढे महाड लागते. परंतु १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा जिल्ह्यातील प्रकरण उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील फिरत्या खंडपीठाकडे जाते, आणि रायगड जिल्ह्यातील महाडचे मुंबईस जाते. ही झाली स्थळाची हद्द. ती सोयीसाठी असते. म्हणूनच दिवाणी दाव्यात स्थळाविषयीची हरकत प्रारंभीच न घेतल्यास पुढे ती सहसा ऐकली जात नाही. विषयाच्या हद्दीचे तसे नाही. जो विषय ऐकण्याची शक्ती कायद्याने न्यायालयास दिलेलीच नाही, ती उभय पक्षांच्या संमतीनेही निर्माण होत नाही. असा हुकूमनामा मुळातच निरर्थक होय, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५४ साली स्पष्ट केले आहे.

आता महाडकडे पाहू. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह ठरला, तेव्हा विरोधकांनी १२ डिसेंबर रोजी दिवाणी दावा लावला आणि १४ तारखेस तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. हजारो माणसे तळ्याकडे जाण्यास सिद्ध होती. तरीही बाबासाहेबांनी हुकूम मानून सत्याग्रह तहकूब ठेविला. ही माघार नव्हती. न्यायालयाचा अधिकार मान्य करून त्याच न्यायालयात लढण्याचा तो निश्चय होता. लढा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने विरोधकांचे अपील फेटाळले.

परंतु निकाल कशावर लागला हे नीट ध्यानी घ्या. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादि काळापासूनची आहे, हे वादींना सिद्ध करता आले नाही, एवढेच न्यायालयाने ठरविले. ती वहिवाट अन्याय्य आहे काय, या प्रश्नात शिरण्याची त्यास गरज पडली नाही. न्यायालय समोर आलेल्या प्रश्नापुरतेच बोलते. ही त्याची मर्यादा. ज्या प्रश्नाचे उत्तर महाडच्या दाव्यात मिळाले नाही, ते २६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या सतराव्या अनुच्छेदाने दिले. आज वहिवाट कितीही जुनी सिद्ध झाली तरी ती अस्पृश्यतेस आधार होऊ शकत नाही.

दुसरी मर्यादा अधिक कडू आहे. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या दुसऱ्या रेग्युलेशनच्या एकविसाव्या कलमाने, नुकसानभरपाईच्या काही दाव्यांखेरीज, जातीच्या प्रश्नात न्यायालयाने हात घालू नये असे ठरविले होते. याचा अर्थ काय? राज्याच्या न्यायालयाने आपले दार लावून घेतले आणि जातीच्या पंचांचे दार उघडे ठेविले. माझ्या मते १४ ऑक्टोबर १९५६ चे धर्मांतर ही या पंचांच्या हद्दीतून बाहेर पडण्याचीही घटना होती. आपण त्या कचेरीतून आपले नावच काढून घेतले.

तरी आजही कोठे कोठे गावकी बौद्ध कुटुंबास दंड सांगते, वाळीत टाकते, आणि ‘मला निर्णय मान्य आहे’ असे लिहूनही घेते. अशा कागदास भिऊ नका. संमतीने जेथे न्यायाधीशासही अधिकार मिळत नाही, तेथे पंचांस शिक्षेचा अधिकार कोठून मिळणार? महाराष्ट्राचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा जुलै २०१७ पासून अमलात आहे. बहिष्काराच्या गुन्ह्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

शेवटी व्यवहाराचे बोलतो. पाचगणीत कामास आलेल्या माणसावर दूरच्या गावी अत्याचार झाला, तरी दखलपात्र गुन्ह्याची खबर येथील ठाण्याने घेतलीच पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ‘गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो’ अशी स्पष्ट तरतूद आहे. खबरीची प्रत विनामूल्य मागा. नकार मिळाल्यास पोलीस अधीक्षकांकडे टपालाने लेखी तक्रार पाठवा. तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जा. ‘तुम्ही बौद्ध झालात, आता अत्याचार प्रतिबंधक कायदा तुम्हांस नाही,’ असे कोणी म्हणाल्यास त्यास सांगा की, १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींतील बौद्धांना त्या यादीत स्थान मिळालेले आहे.

वाचकहो, न्यायालयास हद्द आहे, पोलिसास आहे, सरकारासही आहे. ती ओळखणे म्हणजे दुबळेपणा नव्हे. बाबासाहेबांनी महाडला हद्द मानली, आणि पुढे संविधान लिहिताना तीच हद्द न्यायाच्या बाजूने सरकविली. त्यांच्या अनुयायांनी निदान ती कोठे आहे एवढे तरी जाणून ठेवावे.

जय भीम!