शाळेपर्यंतची वाट



शाळेची घंटा गावात साऱ्यांनाच ऐकू येते. पण ती ऐकून सारीच लेकरे शाळेत पोचतात असे नाही. ज्यांच्या पायांत बळ नाही, अशा मुलांविषयी आज चार शब्द बोलावेत असे मनात आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात कुबड्यांवर चालणारा एक विद्यार्थी होता. बालाघाटाच्या डोंगरातल्या वस्तीवरचा. तिथली शाळा चौथीपर्यंत. तोवर आजीने त्याला कडेवर नेले. पाचवीची शाळा दुसऱ्या गावी, अडीच किलोमीटरवर. आजीला ते ओझे पेलेना, आणि आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्याकडे जात. थोरली बहीण आठवीत होती, तिचे हायस्कूल भलत्याच दिशेला. तिने शाळा सोडली आणि भावाला सायकलवर बसवून नेऊ लागली. बी.ए. झाल्यावर तो मला म्हणाला, "सर, ही पदवी निम्मी ताईची हाय."

ऐकून अभिमान वाटला, आणि शरमही वाटली. एका लेकरासाठी दुसऱ्याने शाळा सोडणे हा त्या घराचा त्याग खरा; पण त्याला गावाची व्यवस्था म्हणता येणार नाही.

कोणी म्हणेल, 2014 साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, आता अशी मुले कुठे राहिली? राहिली आहेत. जन्मवेळी मेंदूला इजा झालेली, अपघातात पाय गमावलेली मुले आजही आपल्या गावांत आहेत.

कायदा त्यांच्या बाजूने आहे. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने 6 ते 14 वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने, ज्याचे अपंगत्व 40 टक्के वा अधिक आहे त्याला हा हक्क 18 वर्षांपर्यंत दिला. जवळची शाळा घ्यावी की विशेष शाळा, ही निवडही त्याची. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी, आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत. आता पाहा, धडधाकट पोराला तीन किलोमीटर म्हणजे खेळ. कुबड्यांवरच्या मुलाला तेवढ्यात शाळा सुटायची वेळ व्हायची!

म्हणूनच समग्र शिक्षा योजनेत प्रवास भत्ता आहे, सोबत नेणाऱ्यासाठी मदतनीस भत्ता आहे, कुबड्या, कॅलिपर यांसारखी साधनेही आहेत. अतितीव्र अपंगत्व असेल तर घरी शिकण्याची सोय 2012 च्या दुरुस्तीने झाली. पण गुरुजी, तो शेवटचा उपाय समजा. चार भिंतींत शिकणाऱ्याला सवंगडी मिळत नाहीत.

आपल्या बीड जिल्ह्याची अडचण आणखी वेगळी. ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांनी अशा मुलाला बरोबर न्यावे, तर पाचटाची कोपी आणि चिखलाची वाट. मागे ठेवावे, तर थकलेली आजी. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे. तिथे पोटाची सोय होईल; पण याला उठवून शाळेत आणणार कोण, शौचाला नेणार कोण? हे दसऱ्याच्या आधीच, टोळ्या निघण्यापूर्वी, घरी जाऊन विचारून ठेवले पाहिजे. अपंगत्वाचा दाखलाही आईबाप गावात असतानाच काढून घ्यावा. मुकादमाची उचल घेतली की मग दवाखान्याच्या खेपांना सवड कुठली?

दुसरी गोष्ट उताराची. पुष्कळ शाळांतला उतार घसरगुंडीसारखा उभा असतो. हिशेब सोपा आहे: एक फूट उंचीला बारा फूट लांबी. ओटा दीड फूट असेल, तर उतार अठरा फूट हवा, कडेला धरायला कठडा हवा. शौचालयाचे दार चाकाची खुर्ची आत जाईल एवढे रुंद हवे. गावात गवंडी आहे, ग्रामपंचायत आहे; हे काम डोंगराएवढे नाही.

गुरुजी, उद्या हजेरी घेताना पटावरच्या अशा नावापाशी क्षणभर थांबा. ते मूल आले नसेल तर विचारा, आणि आले असेल तरी विचारा, "बाळ, तुला आणलं कुणी?" आणणारी त्याची शाळकरी बहीण असेल, तर एका घरात दोन मुलांचे शिक्षण पणाला लागले आहे, असे समजा आणि भत्त्याचा अर्ज त्याच दिवशी लिहा.