सीमोल्लंघनाचा हक्क
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



करवीरचे छत्रपती राजाराम महाराज १८७० साली विलायतेस गेले व परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स येथे निवर्तले. त्या काळी समुद्र ओलांडणाऱ्यास अडवीत ती ज्ञातीच. प्रायश्चित्ताविना त्यास पंगतीस घेत नसत. तो अडसर कालांतराने गेला. परंतु स्वराज्य आल्यावरही पारपत्र, म्हणजे आपला पासपोर्ट, देणे न देणे सरकारच्या मर्जीवर असे. १९६७ साली सतवंतसिंग सहानी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशगमन हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला, आणि त्याच वर्षी पासपोर्टचा कायदा झाला. आता नकार मिळाल्यास सामान्यतः लेखी कारण मागता येते, अपीलही करता येते.

येथे आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. ज्या मुलाची जन्मतारीख पालकांस सांगता येत नसे, त्याच्या नावापुढे आम्ही १ जून लिहून मोकळे होत असू. (शाळेत घेण्यापुरते वय भरले, की आमचे काम झाले!) तीच मुले आज पासपोर्ट काढू जातात, तो शाळेच्या दाखल्यावर एक तारीख व ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर दुसरी. आमच्या एका विद्यार्थिनीची आखातातील परिचारिकेची नोकरी यापायीच हुकली. चूक आमच्या लेखणीची, भोगणे तिच्या वाट्यास.

तेव्हा अर्ज करण्यापूर्वी मुलांचे, आणि मुलींचेही, दाखले ताडून पाहा. दुरुस्तीसाठी शाळेचे जनरल रजिस्टर काढवायचे असल्यास आम्हांस सांगा. आम्ही बरोबर येऊ.