चार कप चहा

(बुधवार पेठेतील एका कुटुंब मेळाव्यात झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी जेव्हा ‘घरातला चहा आणि घरातले लहानसहान आनंद’ या विषयावर बोला असे सांगितले, तेव्हा क्षणभर मला वाटले की त्यांनी चुकीच्या माणसाला दूरध्वनी केला आहे. तीस वर्षे वृत्तपत्रांत घालवलेल्या माणसाकडे लोक निवडणुकांवर, महापालिकेवर, फार तर पाणीकपातीवर बोलण्याची अपेक्षा करतात. परंतु विचार करता करता लक्षात आले की ज्या चहावर पुण्यात एकेकाळी धर्मसभा बसली, त्या चहावर बोलायला बुधवार पेठेइतकी योग्य जागा नाही. ते ठिकाण येथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे.

आपल्यापैकी ज्येष्ठांना पंचहौद मिशनचे प्रकरण ठाऊक असेल. तरुणांसाठी थोडक्यात सांगतो. १८९० साली, त्या वेळच्या वेताळ पेठेत, म्हणजे आजच्या गुरुवार पेठेत, ख्रिस्ती मिशनच्या आवारात व्याख्यानाचा एक कार्यक्रम झाला. न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळक यांच्यासह शहरातील अनेक नामवंत मंडळी उपस्थित होती. व्याख्यानानंतर यजमानांनी चहा-बिस्किटे पुढे केली. कुणी चहा घेतला, कुणी पेला हातात घेऊन शिष्टाचारापुरता ओठाला लावला, कुणी तसाच खाली ठेवला. प्रकरण तेथेच मिटले असते; परंतु त्या मंडळींत गोपाळराव जोशी होते. डॉक्टर आनंदीबाई जोशी यांचे ते यजमान. वृत्ती विलक्षण आणि खोडकर. त्यांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात प्रसिद्ध करविली आणि शहरात काहूर माजले. फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, त्यांच्या वतीने चौकशी बसली, खुद्द टिळकांनी त्या मंडळासमोर शास्त्राधार देऊन आपली बाजू मांडली. पुढे टिळकांनी प्रायश्चित्त घेतले, रानड्यांनीही घेतले. समाजसुधारकांच्या अग्रणीने चहासाठी प्रायश्चित्त घ्यावे, यावरून त्यांच्या स्वतःच्या पक्षातील तरुणांनी त्यांना बोल लावले.

या प्रकरणाकडे आपण आज गंमत म्हणून पाहतो. मलाही पूर्वी ती गंमतच वाटे. पण रमाबाई रानडे यांच्या आठवणींचे पुस्तक, जे १९१० साली प्रसिद्ध झाले, ते वाचताना एक गोष्ट मनात रुतली. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतले ते स्वतःच्या मनाच्या टोचणीमुळे नव्हे, तर बहिष्काराने अडचणीत आलेल्या मित्राखातर. बहिष्कार पडतो तो नावाला पुरुषावर. पण कार्याला भटजी येईनात, सोयरे पंगतीला बसेनात, म्हणजे अखेरीस तो येऊन पडतो स्वयंपाकघरात. चहा बैठकीत प्यायला गेला आणि त्याची किंमत माजघराने मोजली. हा धागा हातात धरून ठेवा. मी पुन्हा त्याच्याकडे येणार आहे.

आता असा हा बाटवणारा चहा आपल्या देवघराशेजारच्या ओट्यावर येऊन बसला कसा? आसामातील चहा लंडनच्या लिलावात प्रथम विकला गेला तो १८३९ साली. पुढे कित्येक दशके मळे येथे आणि पिणारे तिकडे, असाच व्यवहार होता. १९०३ साली चहावर कायद्याने उपकर बसवण्यात आला, त्यातून प्रचार सुरू झाला, आणि १९३० नंतर तर गावोगाव फुकट चहा पाजून लोकांना सवय लावण्याची मोहीमच निघाली. हा शुद्ध व्यापार होता. आपल्या पूर्वजांना चहाची तहान नव्हती. आल्यागेल्याला गूळपाणी देणारा, उन्हाळ्यात पन्हे आणि ताक पुढे करणारा हा समाज होता.

परंतु व्यापाऱ्याने दिलेली वस्तू आपल्या घराने जशीच्या तशी घेतली नाही. साहेब किटलीत पत्ती मुरवतो, वरून गरज वाटली तर दुधाचा थेंब टाकतो. आपल्या आयाबायांनी काय केले? पातेल्यात आधण ठेवले, साखर घातली, आले ठेचून टाकले, परसातल्या गवती चहाच्या दोन पाती गाठ मारून सोडल्या, आणि त्यात भुकटी घालून झाकण ठेवले. हा चहा नव्हे, हा काढा झाला! काढा तर आपल्याकडे आजीच्या आजीपासून होता. परक्या वस्तूला आपल्या रीतीत बसवून घेण्याचे हे काम कुठल्या परिषदेने ठराव करून केले नाही. चुलीपुढे बसलेल्या अनाम बायकांनी केले. पुढे आसामातच १९३०च्या दशकात यंत्रावर पत्ती चुरडून बारीक दाणे करण्याची पद्धत निघाली. त्या दाणेदार चहाला रंग गडद, कडकपणा अधिक आणि किंमत कमी. उकळण्यासाठी तो जणू मुद्दाम घडवला होता. आज भारतात पिकणाऱ्या चहापैकी तीन चतुर्थांशाहून अधिक चहा आपणच पितो.

आणि आपल्या पेठांनी त्यावर कळस चढवला. राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मण मंडळींनी पुण्यात चहाची दुकाने काढली आणि त्यांना नाव दिले ‘अमृततुल्य’. पितळेचे लखलखीत पातेले, खलबत्त्यात कुटलेली वेलची, फडक्यातून गाळलेली धार. ज्या शहरात चहावरून प्रायश्चित्ते झाली, त्याच शहरात चाळीस वर्षांच्या आत पाटीवर चहाला अमृताची उपमा दिली गेली. पुणेकर मत बदलत नाही असे म्हणतात. बदलतो, फक्त तसे कबूल करत नाही.

असो. आता माझ्या घरी येतो.

माझे बालपण याच पेठेतील एका वाड्यात गेले. खाली चार, वर तीन अशी सात बिऱ्हाडे. काळ सत्तरच्या दशकाच्या अखेरचा. साखर रेशनची, तिचे दाणे जाड आणि रंग किंचित मळकट. गॅसचा नंबर लागायला वर्षे जात, म्हणून रॉकेलचा स्टोव्ह आणि त्याची पिन शोधण्याची नित्याची धावपळ. साखर संपली की शेजारी वाटी पाठवायची. ती वाटी परत करताना सपाट भरून परत केलेली मी कधी पाहिली नाही. वर शीग असेच, नाहीतर सोबत लिंबाच्या लोणच्याची फोड. आमच्या आईचे स्वतःचे अर्थशास्त्र होते. पाहुण्यांची साखर वेगळ्या डब्यात, कपबशांचा चांगला संच फडताळात सर्वांत वर, आणि कान तुटलेले कप रोजच्या वापरात. दुपारी चारला वाड्यात स्टोव्हचे आवाज एकामागून एक सुरू होत, आणि कोणाकडे आज पाहुणा आला आहे हे आल्याच्या वासावरून कळे.

आमच्या वडिलांकडे माणसांचा राबता फार. बैठकीच्या खोलीत चर्चा रंगली की ते आत हाक देत, “अगं, चार कप टाक.” पाहुणे तीन आणि वडील, मिळून चार. कधी सहा, कधी आठ. आई बरोबर तेवढेच मापून टाकी. आम्ही मुले बशीत ओतून फुंकर घालत पीत असू. मग सारे शांत झाल्यावर आई गाळणीतला चोथा पुन्हा पातेल्यात घाली, त्यावर थोडे पाणी, उरलेले दूध, आणि तो दुसरा उकळा घेऊन उंबऱ्याशी बसे. हे मी अक्षरशः हजारो वेळा पाहिले असेन. पाहिले, पण दिसले नाही. वार्ताहराचा डोळा म्हणतात तो हाच असावा!

अशीच दुसरी एक गोष्ट भांड्यांची. आपण येथून बाहेर पडलात की तुळशीबाग. पेशवाईत नारो आप्पाजी खिरे यांनी उभारलेले राममंदिर आणि त्याच्या भोवती संसाराला लागणारे सर्व काही. पोळपाट, झाऱ्या, सहाणा, आणि पुण्याच्या मुलींनी पिढ्यान्‌पिढ्या जिच्यावर संसाराची तालीम केली ती भातुकली. घरात नवे भांडे आले की त्यावर नाव घालण्याची आपली रीत. आमच्याकडच्या भांड्यांवरची नावे मी एकदा वाचून काढली. एका पातेल्यावर आजोबांचे, तांब्यावर वडिलांचे, परातीवर माझ्या मुंजीची तारीख, डब्यावर बहिणीच्या लग्नात आहेर करणाऱ्या मामांचे. सगळा वंशवृक्ष त्या मांडणीवर होता. ती भांडी पन्नास वर्षे जिने घासली, तिचे नाव मात्र एकाही भांड्यावर नव्हते. तक्रार म्हणून सांगत नाही. तेव्हा तसे कुणाला वाटलेच नाही, तिलाही नाही.

मग २०२० साल उजाडले. मार्चमध्ये टाळेबंदी लागली, एप्रिलमध्ये मध्यवर्ती पेठा सील झाल्या. वाडा पाडून त्या जागी इमारत होऊन बरीच वर्षे झाली होती. त्याच जागेवर तिसऱ्या मजल्यावर आम्ही राहतो. आमची पत्नी बँकेत. बँका चालू होत्या, त्यामुळे तिला रोज जावे लागे. माझे काम घरून सुरू झाले. कोपऱ्यावरचे अमृततुल्य बंद, आणि दुपारचे चार वाजले तरी चहा आपोआप समोर येईना! वयाच्या पन्नाशीत, कला शाखेची पदवी आणि हजारो अग्रलेख पदरी असलेल्या माणसाला शोध लागला की चहाची भुकटी कोणत्या डब्यात असते हे त्याला ठाऊक नाही. पहिल्या दिवशी दूध उतू गेले, दुसऱ्या दिवशी आले आधी घालून मग कच्चे दूध ओतले आणि ते फाटले. आई स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसली आणि सूचना देऊ लागली. तिने मला वाक्यरचना शिकवली होती, तशाच चिकाटीने.

एका संध्याकाळी पत्नी परतली होती, मुलगी घरीच होती. मी आधण ठेवले. आईने विचारले, “किती टाकलेस?” मी म्हटले, “चार कप.” तिने खोलीतली माणसे मोजली आणि सहज म्हणाली, “आपण चारच तर आहोत. मग तीन पुरेत.”

मी गॅस बारीक केला आणि उभा राहिलो. तिच्या हिशोबात चूक नव्हती. साठ वर्षे तिने याच हिशोबाने चहा टाकला होता. त्या दिवशी मी चौथा कप तिच्या हातात दिला, पहिल्या उकळ्याचा. ती म्हणाली, “फार गरम आहे रे, मला सवय नाही.”

मित्रहो, कुटुंबव्यवस्था हा आपला अभिमानाचा विषय आहे, आणि तो असलाच पाहिजे. जगात माणसे एकटी पडत असताना एका पातेल्यातला चहा चौघांत वाटून पिणे हे सुख लहान नाही. घरातले आनंद साधे असतात, पण ते फुकट नसतात; कुणीतरी उठून ते करावे लागतात. केंद्र सरकारने २०२४ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, आणि घरकाम करणारे पुरुष ८८. आधीच्या, २०१९च्या पाहणीत हेच आकडे २९९ आणि ९७ होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रियांचा भार दहा मिनिटांनी हलका झाला, आणि पुरुषांनी आपला नऊ मिनिटांनी हलका करून घेतला! आणि घरकामाला मुळी हातच न लावणारे पुरुष या सरासरीत धरलेलेच नाहीत.

आपण गृहिणीला अन्नपूर्णा म्हणतो. मला हे संबोधन प्रिय आहे, परंतु त्याची थोडी भीतीही वाटते. देवीला नैवेद्य दाखवतात, ती जेवली का हे कुणी विचारत नाही. येथे बसलेल्या भगिनींपैकी किती जणी सकाळचा चहा बसून पितात? हात वर करू नका, मी मघापासून चेहरे पाहतो आहे. आणि हसणाऱ्या बंधूंनो, तुम्हालाही सांगतो, चहा करण्यात जे सुख आहे ते आजवर आपणच दवडले. आधणाला पहिले बुडबुडे धरताना, गवती चहाची पात मऊ पडून तिचा वास दरवळताना जे पाच मिनिटांचे स्वास्थ्य लाभते, ते मला तीस वर्षांच्या पत्रकारितेत कुठे लाभले नाही. आमच्या घरी आता चारचा चहा माझ्याकडे आहे. पत्नीच्या मते साखर अजून जास्त होते.

गेल्या वर्षी मी तुळशीबागेत जाऊन पितळेचे एक पातेले घेतले, कल्हई केलेले. दुकानदाराने नेहमीप्रमाणे विचारले, नाव घालायचे का? मी आईचे नाव सांगितले. तो यंत्राची लेखणी हातात घेऊन थांबला आणि हळू आवाजात म्हणाला, “स्मरणार्थ लिहू ना?”

मी म्हटले, “नाही हो. त्या घरी चहाची वाट पाहत बसल्या आहेत.”

घरी आल्यावर आईने पातेले हातात घेतले, चष्मा लावून नाव वाचले, मग ते उलटे करून बुडावर बोटाने टिचकी मारली. म्हणाली, “जड आहे. यातला चहा करपायचा नाही. पण कल्हई दरसाल करून आणायची, ते तुझ्याकडे.”